प्रमाण

निरोगी कोणाला म्हणायचं
हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.
सकाळी घरून खाऊन निघालेला,
दुपारी ट्रकखाली आलेला,
मरायला ज्याच्याकडे काहीच कारण नव्हतं
तो निरोगी.
बाकीचे नुसते जिवंत.

शवागारातून डबे येतात. वर आकडा, वय, कारण.
नाव नसतं.
बारा: एकवीस वर्षं, इमारतीच्या परांचीवरून पडून.
तेरा: चव्वेचाळीस, विजेचा धक्का.
चौदा: साठ. प्रोत्वा नदीवर बर्फाला भोक पाडून
मासे धरत बसला होता.
मार्च होता. बर्फाने ऐकलं नाही.

पोलादी सुरी चालत नाही, तिचा अंश मागे राहतो.
टायटॅनियमचं पातं. अंगठी घरी.
रबरी मोज्यांत जस्त, तोंडाच्या क्रीममध्ये जस्त,
म्हणून अकरा वर्षं मी कामाला
धुतल्या, कोरड्या चेहऱ्याने येते.
येफिम म्हणतो, तैसिया, तुला बघून वाटतं
आत्ताच कोणी रडवलंय.

अक्रोडाएवढी ग्रंथी.
गोठवायची, वाळवायची, कुटायची,
चिमूटभर पूड पुडीत बांधून अणुभट्टीत सोडायची.
परत येते ती बोलती होऊन.
पडद्यावर, अकराशे पंधराच्या खुणेवर,
एक सुळका उभा राहतो.
जस्त. इतकं जास्त
की पहिल्यांदा मला वाटलं, माझीच बोटं लागली असणार.
वय वाढेल तसं तेही वाढत जातं.
विशीत बेताचं, पन्नाशीत भरभरून.
वयाबरोबर वाढणारं, आणि तरी चांगलं,
असं अंगात दुसरं काय असतं, सांगा मला.

कशाला साठवतात एवढं, मी विचारलं होतं.
आमच्या म्हाताऱ्या आर्काद ल्वोविचने चष्मा पुसला.
म्हणाला, तिथल्या पेशी हातातला घास खात नाहीत.
जस्त त्यांना खाऊ देत नाही.
स्वतः अर्धपोटी राहून
जाणाऱ्याची शिदोरी भरतात.
आणि बिघडलेली पेशी?
ती आधी जस्त टाकून देते,
मग मांडी ठोकून जेवायला बसते.

त्याआधी जस्त म्हणजे मला बादली ठाऊक होती.
आणि त्र्याऐंशी सालची ती पेटी,
जिच्यातून रोदियोन दक्षिणेकडून परत आला.
चारी कडांना डाख दिलेला, काच नाही.
आई रात्रभर नखाने डाख खरवडत होती,
कुठे सुटतोय का बघत.
एकोणीस वर्षांचा होता.
निरोगी होता.

सप्टेंबरात येफिमच्या ग्रंथीतून सुईने
सहा धागे काढले. पाच डॉक्टरांकडे गेले,
एक मी मागून घेतला.
डब्यावर आकडा घातला, वय घातलं: साठ.
कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना.
आपल्या माणसाला मापायचं तर शेजारी कोणीतरी लागतं.
मी चौदाला उठवला.
दोघांचे सुळके एकाच कागदावर काढले.
चौदाचा, तो बुडालेला, उंच, सरळ.
येफिमचा कुठे आहे ते दोनदा शोधावं लागलं.

घरी तो गळाचा दोरा सोडवत बसला होता.
किती? त्याने विचारलं.
कमी.
पगारासारखं, म्हणाला, आणि दाताने गाठ सोडवली.

सहा महिने झाले. औषधं चालू आहेत.
आज पहाटे त्याने बूट चढवले.
मी म्हटलं, मार्च आहे. बर्फ पातळ झालाय.
तो म्हणाला, निरोगी माणसाने भ्यावं.
मला काय.

बादली घेऊन गेला.
जिन्याच्या वळणावळणावर
कडीचा आवाज येत होता,
मग खालचं दार,
मग मी खिडकीशी जाऊन
चेहऱ्याला क्रीम लावलं.